घरची शुश्रूषा

भातसेच्या कांठच्या खडवलीहून आगगाडीनें कल्याणास जाऊन औषध आणतां येतें. परंतु शुश्रूषेचा तो अल्पांश होय. अर्धांगवायूनें खिळलेल्या सासऱ्यांस सुमारें दर दोन तासांनीं कूस बदलून द्यावी लागते. नाहींतर दबलेल्या जागीं रक्त न पोहोंचून जखम होते. म्हणजे रात्रींतून तीन-चार वेळां उठणें आलें! उठते बहुधा सूनच. पहाटेचा स्वयंपाकही तिचाच. २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांवीं आशाताई दिल्या. त्या सल्ला देतात. रात्रीं उशाशीं बसणें घरच्यांकडेच राहतें. तें एकटीवर कां पडावें? आमच्या विद्यार्थ्यांनीं, विशेषतः मुलग्यांनीं, हें शिकावें: रुग्णास ओढूं नये, उचलून वळवावें, टांचा व माकडहाड रोज पाहावें, तेथील लाली बोटानें दाबूनही जात नसेल, तर जखमेचा तो आरंभ समजावा.