संगणकावरची आगगाडी : अधिकृत की त्रयस्थ?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ च्या जून महिन्यात ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा संगणकीय खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यात सहा लोहमार्ग देण्यात आले होते. दोन अमेरिकेतील, दोन जपानमधील, एक इंग्लंडमधील सेटल ते कार्लाइल आणि एक ऑस्ट्रियातील इन्सब्रुक ते सेंट अँटन. भारतातील एकही मार्ग त्यात नव्हता. तरीही पुढील काही वर्षांतच भारतातील रेल्वेप्रेमींच्या संगणकांवर डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने आपल्या परिचयाचे डबे ओढत धावू लागली. ही इंजिने मायक्रोसॉफ्टने तयार केली नव्हती, तसेच हा खेळ ज्या ब्रिटिश कंपनीने घडविला त्या कुजू एंटरटेनमेंटनेही नव्हे. रेल्वेचा छंद असलेल्या हौशी मंडळींनी ती फावल्या वेळात तयार करून विनामूल्य वाटली होती.

मूळ खेळात नसलेले मार्ग, इंजिने, डबे, आवाज किंवा प्रवासाचे प्रसंग पुरविणाऱ्या अशा साहित्याला ‘ॲड-ऑन’ म्हटले जाते. रेल्वेच्या खेळांत त्यांचे महत्त्व इतर खेळांपेक्षा फार अधिक आहे. मूळ खेळ हा केवळ रूळ टाकण्याची जागा असतो; आपल्या गावची गाडी हवी असेल तर ती पुढे विकत घ्यावी लागते किंवा कोणीतरी बनवून द्यावी लागते. एका नव्या मार्गाची किंमत पुष्कळदा पूर्ण खेळाच्या किमतीच्या जवळपास जाते आणि अशा संचांची संख्या आज शेकड्यांत आहे. त्यामुळे अधिकृत संच घ्यावा की त्रयस्थाचा, हा प्रश्न ग्राहकाच्या खिशाशी थेट निगडित आहे.

‘अधिकृत’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतील ‘ऑफिशियल’ या शब्दासाठी मराठीत ‘अधिकृत’ हा सोपा प्रतिशब्द तयार आहे आणि भाषांतर करणाऱ्याला चकवा बसतो तो नेमका इथेच. अधिकार कोणी दिला, हे तो शब्द सांगत नाही. रेल्वेच्या खेळांत हा अधिकार तीन ठिकाणांहून येऊ शकतो : ज्या कंपनीचा मूळ खेळ आहे तिच्याकडून, ज्या रेल्वेची गाडी आहे तिच्याकडून बोधचिन्ह आणि रंगसंगती वापरण्याच्या परवान्याच्या रूपाने, किंवा ज्या दुकानातून संच विकला जातो त्या दुकानाकडून.

हे तिन्ही अधिकार एकत्र असतीलच असे नाही. ब्रिटनमधील डव्हटेल गेम्स या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. कुजूने २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ तयार केला, २००९ मध्ये त्याचा ‘रेलवर्क्स’ झाला, पुढे त्यालाच ‘ट्रेन सिम्युलेटर’ असे नाव मिळाले आणि आज तो ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ म्हणून ओळखला जातो. या खेळासाठी डव्हटेल जे संच विकते, त्यांतील पुष्कळसे तिने स्वतः घडविलेले नसतात. बाहेरच्या लहान कंपन्या ते तयार करतात, डव्हटेल ते तपासते आणि आपल्या दुकानात मांडते. ग्राहकाच्या दृष्टीने ते अधिकृत, घडविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्रयस्थ. याउलट जपानमध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने ओंगाकुकान या संस्थेच्या साह्याने २०२२ मध्ये स्वतःचाच सिम्युलेटर प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष गाडीतून चित्रित केलेली दृश्ये त्यात वापरलेली आहेत. याहून अधिकृत काही असू शकत नाही. पण तेथे खेळाडूला स्वतःचा रूळ टाकण्याची वा दुसऱ्याचे इंजिन आणण्याची सोयच नाही.

दर्जा कशावरून ओळखावा?

पडद्यावरील चित्रे पाहून दर्जा ठरविणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रीत होय. रंग, काचेवरील प्रतिबिंबे, फलाटावरील बाके हे सारे जाहिरातीच्या छायाचित्रात दिसते. ब्रेक दिसत नाहीत.

भारतातील एअर ब्रेकच्या गाडीत इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब राखला जातो. चालकाने हा दाब कमी केला की ब्रेक लागतात आणि दाब पुन्हा भरला की सुटतात. मात्र दाब घटल्याची वर्दी पुढून मागे पोहोचण्यास वेळ लागतो. लांब मालगाडीत पुढच्या वाघिणींचे ब्रेक आधी लागतात आणि मागच्या वाघिणी तोवर पुढे रेटत असतात. एकदा ब्रेक सोडून लगेच पुन्हा लावावयाचा झाला, तर वाघिणींखालील टाक्यांत हवा पुरती भरलेली नसते आणि ब्रेक अपेक्षेपेक्षा क्षीण लागतो. उतारावर चालकाची खरी परीक्षा होते ती यामुळे. ज्या ॲड-ऑनमध्ये हे सर्व विचारात घेतलेले नसते, तेथे ब्रेकचा दांडा मोटारीच्या ब्रेकसारखा वागतो : दाबला की गाडी हळू, सोडला की मोकळी. चित्र कितीही सुंदर असले तरी ती आगगाडी नव्हे.

आवाजाचेही तसेच. डब्ल्यूडीएम-२ मधील २,६०० अश्वशक्तीचे ॲल्को इंजिन सोळा सिलिंडरचे आणि चार स्ट्रोकचे. तर नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ मधील ईएमडी इंजिन तितक्याच सिलिंडरचे, पण दोन स्ट्रोकचे. रुळांजवळच्या वस्तीत वाढलेले मूल डोळे मिटूनही या दोघांतील फरक सांगू शकते. एकाची धडधड दुसऱ्याच्या तोंडी घातली की भ्रम तिथेच संपतो. विनामूल्य संचांत असे वारंवार घडत असे. मायक्रोसॉफ्टच्या खेळात नव्या इंजिनासाठी वेगळा आवाज आणि वेगळी चालक-केबिन न बनविता मूळ खेळातील एखाद्या इंजिनाची केबिन आणि आवाज उसने घेण्याची सोय होती. परिणामी बाहेरून वाराणसीचे दिसणारे इंजिन आतून अमेरिकेचे निघे.

अधिकृत संच कोठे कमी पडतात?

अधिकृत संच घडविणाऱ्या कंपनीला तारीख पाळावी लागते आणि सर्व प्रकारच्या ग्राहकांना सामावून घ्यावे लागते. पहिल्याच दिवशी गाडी फलाटाबाहेर काढता यावी अशी नवशिक्याची अपेक्षा असते, तर सुरक्षा यंत्रणेचे प्रत्येक बटण चालावे असा जाणकाराचा आग्रह असतो. बहुतेकदा नवशिक्याचा विचार आधी होतो, आणि त्यात गैर काही नाही. आवाज, ब्रेक आणि सिग्नल यांवर जो वेळ खर्च व्हावयास हवा, तो मात्र त्यामुळे उरत नाही.

ही उणीव भरून काढण्याचाच आता एक व्यवसाय झाला आहे. ब्रिटनमधील आर्मस्ट्राँग पॉवरहाउस ही लहान कंपनी ‘ट्रेन सिम्युलेटर’साठी जे संच विकते, त्यांतील अनेक संच नवी गाडी देतच नाहीत. ग्राहकाने अधिकृत दुकानातून आधीच घेतलेल्या गाडीला ते नव्याने ध्वनिमुद्रित केलेले आवाज आणि सुधारलेले वर्तन पुरवितात. आकाश व हवामान, सिग्नल, रूळ यांसाठीही तिचे स्वतंत्र संच आहेत. जाणकार ते आनंदाने घेतात, कारण फरक पहिल्या मिनिटात कानाला जाणवतो. परंतु हिशेब केला तर ग्राहक एकाच गाडीचे पैसे दोनदा मोजत असतो, एकदा गाडीसाठी आणि एकदा ती गाडीसारखी वागावी यासाठी. यात दोष त्रयस्थाचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मूळ संच पुरेसा असता तर ही दुसरी बाजारपेठ उभीच राहिली नसती.

अधिकृत संचांची जमेची बाजूही नोंदविली पाहिजे. रेल्वे कंपनीशी करार असल्यास कारशेडमध्ये जाऊन मोजमापे आणि ध्वनिमुद्रण करणे सुकर होते. खेळाची नवी आवृत्ती निघाली की संच चालता ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट असते. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांपुढे तर दुसरा मार्ग जवळपास नाहीच.

त्रयस्थांचे दुखणे

त्रयस्थ साहित्य म्हटले की केवळ निष्ठावंत कारागीर डोळ्यांपुढे आणणे चुकीचे ठरेल. हौशी मंडळी आपला आवडता भाग जीव ओतून करतात आणि कंटाळवाणा भाग सोडून देतात. स्थानकाची इमारत विटेविटेने उभी राहते, पण पुढच्या यार्डातील सिग्नल चुकीचा दिवा दाखवितो. चाचणी घेणारे पाचसात मित्र असतात आणि त्या सर्वांच्या संगणकांवर आवश्यक त्या फाइल आधीपासूनच असतात. इतरांच्या पडद्यावर मात्र झाडांच्या जागी रिकामे माळ आणि पुलाच्या जागी अधांतरी रूळ दिसतात. एखादा विनामूल्य प्रसंग चालविण्यासाठी पाच निरनिराळे विकतचे संच लागतात, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ तेथे बराच आकुंचन पावतो.

एकाने घडविलेले इंजिन दुसऱ्याने रंग बदलून स्वतःच्या नावावर वाटणे, किंवा विनामूल्य वाटपाच्या अटीवर मिळालेले साहित्य विकण्यास काढणे, असे प्रकारही या क्षेत्रात घडतात. त्यातून झालेल्या वादांमुळे कुशल माणसे काम थांबवितात. ज्याचा निर्माता निघून गेला, तो संच कालांतराने निकामी होतो.

टिकतो कोण?

तरीही वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरावरून पाहता एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळाची दुसरी आवृत्ती दोनदा हाती घेतली आणि दोनदा सोडली. पहिले काम २००४ मध्ये थांबले, तर दुसरे २००९ च्या जानेवारीत, ते करणारा एसेस स्टुडिओ बंद झाल्यावर. अधिकृत वाट तेथे संपली. परंतु त्या खेळातील इंजिनाचे वजन, ओढण्याची ताकद, ब्रेकची मापे हे सारे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले होते आणि ती फाइल कोणालाही उघडून दुरुस्त करता येत होती. मूळ प्रणालीतील दोष दूर करणारा ‘एमएसटीएस बिन’ हा जोडही कंपनीबाहेरच तयार झाला. पुढे २००९ मध्ये स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ या मुक्त प्रणालीचे काम सुरू केले. तिची १.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. ती जुन्या खेळाच्या फाइल थेट वाचते. त्यामुळे २००३ किंवा २००४ साली कोणा हौशी विद्यार्थ्याने घडविलेले भारतीय इंजिन आजच्या संगणकावरही धावू शकते.

ऑस्ट्रेलियातील ‘ट्रेन्झ’ या खेळाची रीत निराळी. २००१ मध्ये ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीने तो काढला आणि आता तो एनथ्रीव्ही गेम्सकडे आहे. तेथे खेळाडूंनी बनविलेले साहित्य कंपनीच्याच भांडारात जमा होते आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक मिळतो. म्हणजे साहित्य त्रयस्थाचे, पण कोठार अधिकृत. तपासणीचे निकष कडक होत गेले तसतसे जुने साहित्य सदोष ठरू लागले आणि ते दुरुस्त करण्याचे काम पुन्हा वापरकर्त्यांकडेच आले.

डव्हटेलच्या ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ या नव्या खेळात मात्र सुरुवातीची अनेक वर्षे सामान्य खेळाडूला मार्ग घडविण्याचे साधन दिलेले नव्हते. ते २०२३ मध्ये, तेही केवळ संगणकावर खेळणाऱ्यांना उपलब्ध झाले. चित्रांच्या बाबतीत हा खेळ आधीच्या सर्वांपेक्षा सरस आहे, यात शंका नाही. पण त्यातील एखाद्या गाडीचा ब्रेक चुकला तर ती दुरुस्ती बहुधा कंपनीच्या सवडीनेच होणार.

घाटाची कसोटी

भारतीय वाचकासाठी हा मुद्दा दूरचा नाही. परदेशी कंपन्यांच्या अधिकृत यादीत भारतीय मार्ग अभावानेच आढळतात. मोबाइलवर हायब्रो इंटरॅक्टिव्ह या भारतीय कंपनीचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ लोकप्रिय आहे, पण मोबाइलवरील खेळाच्या स्वतःच्या मर्यादा असतात. म्हणजे उदाहरणार्थ भोर घाट कोणाला संगणकावर पाहावयाचा असेल, तर त्याला आजही प्रामुख्याने हौशी कारागिरांवरच विसंबावे लागेल.

आणि हा घाट सोपा नाही. कर्जत ते लोणावळा चढण सदतिसास एक अशी आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात आणि ती आपल्या स्वतंत्र चालकांकडून चालविली जातात. मायक्रोसॉफ्टच्या खेळात मात्र खेळाडूच्या गाडीला जोडलेली सर्व इंजिने पुढच्या चालकाच्या हुकमाप्रमाणेच चालत. परत येताना उतारावर ब्रेकच्या तपासणीसाठी थांबावे लागते आणि ताबा सुटलेल्या गाडीसाठी चढाच्या दिशेने वळविलेल्या कॅच सायडिंग असतात. त्यातच काळाचे भान हवे. या घाटात डब्ल्यूसीजी-२ ही १,५०० व्होल्ट डीसी विजेवरची इंजिने बँकर म्हणून दाखवावयाची, तर तारेतील वीज त्या जुन्या पद्धतीची असली पाहिजे आणि त्या चित्रात आजची एसी इंजिने येता कामा नयेत. हे सर्व सांभाळणारा संच अधिकृत शिक्क्याविनाही मोलाचा ठरेल.

पैसे मोजून संच घेणाऱ्यांनी विक्रीच्या पानावर इतर कोणते संच आवश्यक आहेत ती यादी आधी पाहावी, आणि शेवटची सुधारणा केव्हा झाली तेही पाहावे. जाहिरातीच्या छायाचित्रांऐवजी एखाद्या जाणकाराने चालविलेल्या पूर्ण फेरीचे चित्रण आवाजासह ऐकावे. स्टीम या दुकानातून घेतलेला ॲड-ऑन सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आत परत करता येतो, मात्र खरेदीनंतर मूळ खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असावा लागतो. दोन तासांत लांब मार्गाची एक फेरीही पुरी होत नाही. म्हणून पहिल्याच बसणीत सर्वांत मोठा उतार आणि सर्वांत जड मालगाडी निवडणे श्रेयस्कर.