गांवठाणाचा नकाशा आणि ग्रामपंचायत

शेताची हद्द दाखविण्यास आपणांपाशीं सातबाराचा उतारा व मोजणीचा नकाशा असतो. राहत्या घराच्या हद्दीविषयीं मात्र पुष्कळ गांवीं वृद्धांची आठवण हाच काय तो पुरावा! याचें कारण जुनें आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यांत जी मोजणी सुरू झाली, तिचा हेतु शेतसारा ठरविणें हा होता. ३३ फुटांची साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर, हें माप तेव्हांचेंच. गांवठाणावर सारा नव्हता. म्हणून साखळी तेथें घरोघर फिरली नाहीं. पुढें १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानें २००० हून अधिक वस्तीच्या गांवठाणांच्या मोजणीची सोय केली. लहान गांवें मागेंच राहिलीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं केंद्र सरकारानें २०२० सालीं स्वामित्व योजना काढिली. तत्पूर्वींच पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं असा प्रयोग झाला होता. ड्रोन हें वैमानिकावांचून उडणारें लहान यान गांवठाणावरून फिरून छायाचित्रें घेतें व त्यांवरून भारतीय सर्वेक्षण विभाग १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार करितो. म्हणजे कागदावरील एक इंच ही भूमीवरील सुमारें ४२ फूट होय.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. यंत्रास छप्पर व भिंत दिसते. हक्क दिसत नाहीं. पुढचें अंगण, परसांतील उकिरड्याची जागा, दोन घरांमधील बोळ हीं कोणाचीं, हें आकाशांतून कसें कळावें? म्हणून उड्डाणापूर्वीं ज्यानें त्यानें आपल्या जागेभोंवतीं चुन्याची रेघ आंखावयाची असते. ती छायाचित्रांत स्पष्ट उमटते. शिवाय छपराची वळचण भिंतीबाहेर आलेली असते व वरून पाहतां भिंत तिच्याखालीं लपते. यासाठीं नकाशा हातीं घेऊन जागेवर पडताळा करावा लागतो, आणि मग चौकशी होऊन सनद मिळते. बाहेरगांवीं नोकरीस असलेल्या भावांचीं नांवें याच वेळीं राहून जातात, व भाऊबंदकीस नवें निमित्त मिळतें.

ग्रामपंचायतीस याचा उपयोग निराळाच आहे. रस्ता कोठें अरुंद झाला, कोणत्या मोकळ्या जागा सार्वजनिक आहेत, हें तिला एका कागदावर दिसतें. छायाचित्रांवरून भूमीचा उंचसखलपणाही काढतां येतो. मग गटार उताराकडे नेण्याऐवजीं सरपंचांच्या दाराकडे नेण्यास सबब उरत नाहीं. घरपट्टीची नोंदवही प्रत्यक्ष घरांशीं ताडून पाहतां येते, व गांवाचा विकास आराखडा अंदाजावर न करितां मापावर करितां येतो. ज्यांचा ओटा रस्त्यांत आला आहे त्यांस हें रुचणार नाहीं, आणि अशांत आपल्यांतले बरेच निघतील!

चौकशीच्या दिवशीं घरच्या जाणत्या मनुष्यानें स्वतः हजर राहावें. घरपट्टीच्या नमुना ८ चा उतारा, खरेदीखत अथवा वांटणीपत्र असल्यास संगें न्यावें, आणि शेजाऱ्याशीं वाद असेल तर हरकत तोंडी न सांगतां मुदतींत लेखी द्यावी.