समुपदेशक 'आपल्यातलाच' हवा?

लेस्टर किंवा साउथॉलच्या दवाखान्यात साठीतल्या एखाद्या बाई सांगतात, "डोकं जड असतं, छातीत धडधडतं, झोप नाही." रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. मग समजूत करून घेतली जाते, की आशियाई माणसांना मनाचं दुखणं कळतच नाही, त्यांचं सगळं शरीरावर येतं. हा ब्रिटनमधला जुना गैरसमज आहे. १९९९ साली १४ देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मँचेस्टर, पॅरिस, सिअ‍ॅटलही होती. नैराश्य असलेल्यांपैकी ६९ टक्के लोकांनी डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारीच नेल्या होत्या. नेमकं विचारल्यावरही मनाचं काही नाही म्हणणारे मात्र ११ टक्केच. जिथे रुग्णाचा ठरलेला डॉक्टर नव्हता, तिथे नुसत्या शारीरिक तक्रारी जास्त होत्या. बाई सांगत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

"आपल्या समाजाचा समुपदेशक असला की झालं," हेही सर्रास ऐकू येतं. लोकांना तसा समुपदेशक आवडतो, हे खरं. पण काब्राल आणि स्मिथ यांनी २०११ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वंश जुळल्यामुळे उपचाराच्या परिणामात जवळपास काहीच फरक दिसला नाही. उलट छोट्या समाजात भीती वेगळीच असते : या समुपदेशक बाई आपल्या मावशीच्या भिशीत आहेत, उद्या गोष्ट फुटली तर? भाषेचं तसं नाही. २००६ सालच्या अशाच एका आढाव्यात मातृभाषेतले उपचार इंग्रजीतल्या उपचारांच्या दुप्पट परिणामकारक आढळले होते.

म्हणून दुभाष्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरचा मुलगा किंवा सून भाषांतर करेल, हा सोयीचा विचार घातक आहे. डॉक्टर विचारतात, "जीव नकोसा वाटतो का?" मुलगा आईला विचारतो, "बरं वाटतंय ना?" आणि परत सांगतो, "शी इज फाइन." घरातल्याच कुणाचा त्रास असेल तर त्या बाई काय बोलणार? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाष्या मोफत मिळतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मुलांनी आईवडिलांची नोंदणी करतानाच मराठी दुभाष्या हवा असल्याचं सांगून ठेवावं.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका चांगल्या हेतूच्या गैरसमजाने केलं आहे : संस्कृतीचा आदर म्हणजे घरच्या बाबतीत न पडणं. १९७९ साली स्थापन झालेली 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना याच्याविरुद्ध लढत आली आहे. दहा वर्षं नवऱ्याचा छळ सोसलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी १९८९ साली त्याला पेटवलं. त्यांना जन्मठेप झाली. या संघटनेने मोहीम उभारली आणि १९९२ साली खुनाचा निकाल रद्द होऊन त्या सुटल्या. इज्जत, सासर, माहेरी परतण्याची लाज हे सगळं समुपदेशकाला कळायलाच हवं, पण मारहाणीला 'त्यांच्यातली रीत' म्हणून सोडून देता येत नाही. सक्तीच्या लग्नाबाबत तर ब्रिटिश सरकारच्या सूचना स्पष्ट आहेत : मुलीशी एकटीशी बोला, घरच्यांना दुभाषी करू नका, समेट घडवायला जाऊ नका. तिच्याशी बोलायची संधी कदाचित एकदाच मिळेल, असं धरून चाला.