हळद, विस्मरण आणि कॅप्सूलची डबी

मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना तब्येतीचा विषय निघाला की कुणीतरी सांगतेच, "रोज हळद घ्या, अल्झायमर होत नाही." हल्ली कर्क्युमिनच्या कॅप्सूलही मिळतात आणि परदेशातली मुले आईवडिलांसाठी त्या आठवणीने घेऊन येतात. यात खरे किती?

अल्झायमरमध्ये मेंदूतील पेशींभोवती अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा थर साचतो, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो, दाह वाढतो आणि पेशी मरू लागतात. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन काचेच्या नळीत अमायलॉइडला चिकटते आणि त्याचा थर जमू देत नाही. उंदरांच्या मेंदूतही तो कमी झालेला दिसला. म्हणजे हा समज अगदीच हवेतून आलेला नाही.

अडचण येते ती पोटात. हळदीत कर्क्युमिन असते सुमारे तीन टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे जाते त्याचे रूप यकृत लगेच बदलून टाकते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की सोबत मिरीतले पायपरीन दिले तर रक्तातले कर्क्युमिन वीसपट वाढते. जाहिरातवाल्यांनी हा आकडा उचलून धरला. पण मुळात ते नगण्य होते, त्याचे वीसपट तरी किती होणार!

माणसांवरचे प्रयोग छोटे आहेत. अमेरिकेत ३६ अल्झायमर रुग्णांना सहा महिने कर्क्युमिन दिले, रोज चार ग्रॅमपर्यंत. काहीच फरक पडला नाही (निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले). पुढे २०१८ मध्ये, स्मृतिभ्रंश नसलेल्या चाळीस जणांच्या प्रयोगात, जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनने स्मरणशक्ती थोडी सुधारली. आशा ठेवायला हरकत नाही, पण चाळीस जणांवरून सगळ्यांना सल्ला देता येत नाही.

वनस्पतीतून औषध मिळतच नाही असे मात्र नाही. स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या कंदातून बल्गेरियात १९५० च्या दशकात गॅलंटामाइन वेगळे केले गेले. आज ते अल्झायमरवर डॉक्टर लिहून देतात. पेशींमधील निरोप पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन ते लवकर मोडू देत नाही. त्याने काही रुग्णांचे रोजचे व्यवहार काही काळ बरे चालतात, आजार मात्र थांबत नाही. तेही कंद चावून नव्हे, मोजलेल्या गोळीतून.

म्हणून फोडणीतली हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कर्क्युमिनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांकडे जाताना इतर औषधांबरोबर ती डबीही न्या.

आणि घरात कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, ओळखीचा रस्ता चुकू लागले, तर हळदीचे दूध देत सहा महिने थांबू नका. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते, थायरॉइडही वयाबरोबर मंदावतो. दोन्हींमुळे विसरभोळेपणा येतो आणि दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. वेळेवर उपचार झाले तर तो विसरभोळेपणा पुष्कळदा कमी होतो.