वरून दिसणारा मुलूख

नागापूरहून अहिल्यानगर शहरात येऊन भुईकोट किल्ल्यापाशी उभं राहिलं, की तटाचा एक तुकडा, खंदक आणि झाडी दिसते. तट थोडा पुढं जाऊन वळतो आणि नजरेआड होतो. हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकात चढवलेला हा दगडी तट जवळजवळ वर्तुळाकार आहे, हे खालून उमगत नाही. त्यासाठी वरच जायला हवं.

गोपाळ बोधे वर गेले. नौदलातल्या छायाचित्रकाराच्या नोकरीनं त्यांना आकाशाची सवय लावली, आणि मुंबई, महाराष्ट्रातले गडकिल्ले, देशभरातली दीपगृहं त्यांनी हवेतून टिपली. २०१४ साली ते गेले. माझ्या मते त्यांच्यावर खरा संस्कार कुठल्या चित्रशाळेचा नव्हे, त्या नोकरीचाच: किनारा म्हणजे आधी एक रेघ असते, हे नौदलातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

निसर्गचित्रणाचा गुरू मानला जाणारा अमेरिकन अॅन्सेल अॅडम्स तिकाटणं रोवून उजेडाची वाट बघे. हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसलेल्याला ती चैन नाही. यंत्र थरथरतं, म्हणून शटर वेगवान ठेवायचं. उजेड कमी पडला तरी ते मंदावता येत नाही. पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हाच दूरचे डोंगर स्वच्छ येतात. भर दुपारी गेलं तर सगळा मुलूख नकाशासारखा चपटा. सकाळच्या कलत्या उन्हात मात्र प्रत्येक बुरुजाची सावली लांब पडते आणि तिच्यावरूनच उंची कळते. शिवाय परवानग्यांचं जंजाळ वेगळंच.

राजगड घ्या. चढताना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या एकेक करून भेटतात, दम लागलेला असतो आणि तिघींचा मेळ काही बसत नाही. वरून बालेकिल्ला मधोमध येतो, माच्या तीन दिशांना पसरतात आणि संजीवनीचा दुहेरी तट डोंगराच्या सोंडेबरोबर वळत गेलेला दिसतो. इथं तट का घातला, इथं का नाही, हे एका चौकटीत कळतं. मात्र चढण नाहीशी होते, आणि गड चढलेल्याला ते खटकतं.

उद्धव ठाकरे यांच्या २०१० सालच्या 'महाराष्ट्र देशा' या छायाचित्रांच्या पुस्तकातही किल्ले आकाशातूनच दिसतात. पुढं 'पहावा विठ्ठल'मध्ये ते वारीकडे वळले. किल्ल्याला ही नजर मानवते. वारीच्या बाबतीत मला ती अर्धीच वाटते. ओघ दिसतो, वारकऱ्याचा चेहरा हरवतो.