केसपेपर कुणाकुणाचा

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम आले, तेव्हा मी त्यात आधी आजारपण शोधलं. त्याला निराळं स्थान नाही. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' म्हणून बाजूला काढल्या होत्या; २०२३ च्या कायद्याने टीबीचा रिपोर्ट आणि पिझ्झा मागवल्याचा पत्ता एकाच पंगतीला बसवले.

फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या काळाबद्दल मला उमाळे येत नाहीत. पडद्याआडचं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू यायचंच. नव्वदचं दशक मात्र डोक्यातून जात नाही. मी तेव्हा मुंबईत आरोग्याच्या बातम्या करत असे. त्या दशकाची नांदी १९८९ मध्ये गोव्यात झाली होती. नेमाने रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझाला एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडलं. आई कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने कोंडण्याचा कायदा वैध ठरवला.

मुंबईच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट आणि केसपेपरवरची लाल खूण पुरेशी असे. वॉर्डबॉयपासून भेटायला आलेल्या मामापर्यंत सगळ्यांना कळायचं. आमच्या धंद्यातले काही शहाणे रुग्णाचं गाव, वय, गिरणी छापून 'नाव गुप्त ठेवलं' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत. १९९७ मध्ये एचआयव्हीमुळे नोकरी नाकारलेला एक मजूर 'एमएक्स' एवढ्या ओळखीवर मुंबई उच्च न्यायालयात लढला आणि जिंकला, तेव्हा वाटलं, सुटलो. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'मिस्टर एक्स'च्या खटल्यात त्याचा एचआयव्ही उघड करणाऱ्या रुग्णालयाची बाजू घेतली. नियोजित वधूला कळायला हवं, हे मलाही मान्य. पण त्या माणसाला गाव सोडावं लागलं, म्हणजे गावालाही कळलं होतं! या दोन गोष्टींतलं अंतर निकालाने पाहिलं नाही. वर अशा रुग्णांचा लग्नाचा हक्कच स्थगित केला. तो भाग मागे घ्यायला २००२ उजाडलं.

मधली वर्षं समित्या आणि मसुद्यांची. एचआयव्हीचा कायदा २०१७ मध्ये झाला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, हे त्यात आलं. त्यामागे नव्वदच्या दशकातल्या माणसांची चिकाटी आहे. पण तो एकाच आजारापुरता. २०२० मध्ये हातावर शिक्के आणि दारावर पाट्या आल्या, तेव्हा कोविडच्या रुग्णाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. २०२३ मध्ये लसीकरणाची नोंद टेलिग्रामच्या बॉटवर मिळू लागली, तर लोकांनी त्याचे मीम केले.

मध्यंतरी एका लॅबमध्ये थायरॉइड तपासलं. दुसऱ्याच दिवशी विम्यासाठी फोन. नंबर कुठून मिळाला विचारलं, तर पोरगा म्हणाला, "सर, फॉर्मवर तुम्हीच कन्सेंट दिलीय." नव्या कायद्याने तक्रार करता येईल, दंडही होईल. तो सरकारी तिजोरीत जमा होणार. रुग्णाला भरपाई मागण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात जे ४३-अ कलम होतं, तेही याच कायद्याने वगळायला घेतलंय.