पी.टी.चा तास, मधुमेह आणि मन



परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला पहिला बळी जातो तो पी.टी.च्या तासाचा. खोटं कशाला बोलू, गणिताचा भाग राहिला म्हणून मीही तो तास कित्येकदा मागून घेतला आहे. पण डेन्मार्कमधल्या एका डॉक्टर बाईंचं संशोधन वाचल्यापासून तो मागायला माझी जीभ रेटत नाही.

त्यांचं नाव बेंटे क्लारलुंड पेडरसन. त्या कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक आहेत. व्यायामानंतर रक्तात इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ वाढतो, हे आधीपासून दिसत होतं. पण तो येतो कुठून? तो काम करणाऱ्या स्नायूंमधूनच बाहेर पडतो, हे त्यांच्या गटाने दाखवून दिलं. स्नायूंतून सुटणाऱ्या अशा पदार्थांना २००३ साली त्यांनी 'मायोकाइन' हे नाव सुचवलं. म्हणजे काय तर, स्नायू हे नुसते ओझं उचलणारे हमाल नाहीत. ते रक्तावाटे इतर अवयवांना निरोपही पाठवतात.

आता मधुमेहाचं बघू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींमध्ये शिरायला इन्सुलिन लागतं. टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. गंमत अशी की, स्नायू काम करत असताना ते साखर दुसऱ्या वाटेनेही आत घेतात. त्या वाटेला इन्सुलिनची गरज नसते. म्हणून चालणं हा मधुमेहावरच्या उपचाराचाच एक भाग आहे.

उलट बसून राहिलं तर? पेडरसन यांच्या गटाने २००८ मध्ये निरोगी तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोज सुमारे १०,००० पावलं चालणाऱ्यांना ती जेमतेम १,५०० वर आणायला सांगितलं. लिफ्ट वापरा, गाडीने जा, बस्स! दोनच आठवड्यांत त्यांच्या पोटातली चरबी सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि तेवढीच साखर हाताळायला शरीराला जास्त इन्सुलिन लागू लागलं. आपल्या मुलांचे परीक्षेआधीचे दोन आठवडे कसे जातात, ते आठवून बघा.

मग मनाचा संबंध काय? मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं. मेंदूच्या पेशी टिकायला, वाढायला आणि स्मरणशक्तीला ते मदत करतं. नैराश्यात ते कमी आढळतं. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या रक्तातही ते कमी असतं, असं याच गटाला २००७ मध्ये दिसलं. आणि व्यायाम करताना मेंदूतून ते जास्त प्रमाणात सुटतं. साखर आणि मन यांना जोडणारा हा एक धागा. सगळं कोडं त्याने सुटत नाही, पण दोन्हीकडे व्यायामाचा उपयोग होतो एवढं नक्की. २०१५ मध्ये पेडरसन आणि बेंग्ट साल्टिन यांनी २६ जुनाट आजारांत व्यायाम उपचार म्हणून का द्यावा, याचे पुरावे एकत्र मांडले. त्या यादीत टाइप २ मधुमेह आहे, तसंच नैराश्य आणि चिंताही आहेत.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. व्यायाम सुरू केला म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. मधुमेहाच्याही नाहीत आणि नैराश्याच्याही नाहीत. आणि वर्गात इन्सुलिन घेणारं मूल असेल, तर त्याला खेळातून वगळू नका. त्याचा टाइप १ मधुमेह आळसामुळे झालेला नसतो. फक्त खेळताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून ग्लुकोज हाताशी ठेवा आणि काय काळजी घ्यायची ते पालकांकडून आधीच समजून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते आणि मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं. यासाठी महागडं जिम लागत नाही. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, शाळेपर्यंत पायी जाणं, सगळं यात धरता येतं.

तेव्हा शिक्षकहो, या परीक्षेला पी.टी.चा तास मागू नका. आणि पालकहो, संध्याकाळी मूल खेळायला निघालं तर "आधी अभ्यास" म्हणून दारात अडवू नका. जमलं तर चपला घालून तुम्हीही त्याच्याबरोबर बाहेर पडा. स्नायू आपलेही आहेत!